खेळाडू मुलांसाठी कॉलेज निवडताना

दहावीचा निकाल लागला की प्रवेशाची धावपळ सुरू होते. मुलगा किंवा मुलगी कबड्डी, खो-खो, कुस्तीत चमकलेली असेल तर पालक 'खेळात नाव असलेले' कॉलेज शोधतात. तेथील कपाटातल्या ढाली पाहून ते भारावून जातात. मी मात्र त्यांना आधी वसतिगृहाची मेस पाहून या, असे सांगतो.

पहिला प्रश्न अंतराचा. सराव पहाटे साडेपाचला आणि गाव एसटीने तासाभरावर असेल तर मुलाला चारला उठावे लागणार. संध्याकाळचा सराव आटोपून घरी यायला आठ, जेवण-अभ्यास होऊन झोपायला अकरा. झोप झाली पाच तास! या वयात ८ ते १० तास झोप लागते. शरीराची झीज झोपेतच भरून निघते. अशी मुले वर्षभरात वारंवार आजारी पडतात, दुखापती वाढतात, आणि घरचे म्हणतात, दृष्ट लागली. म्हणून लांबच्या नामांकित कॉलेजपेक्षा जवळचे साधे कॉलेज पुष्कळदा बरे, नाहीतर वसतिगृह हवे.

वसतिगृह घ्यायचे तर तेथे एक वेळ जेवून पाहावे. ५५ किलो वजनाच्या खेळाडूला दिवसाला साधारण ६५ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. पाणीदार आमटीवर हा हिशेब जुळत नाही. कमी पडले की मुले पावडरच्या डब्यांकडे वळतात. काही डब्यांत लेबलावर न लिहिलेली बंदी असलेली द्रव्ये सापडली आहेत. चाचणीत दोषी ठरल्यास 'मला माहीत नव्हते' म्हणून खेळाडूची सुटका होत नाही.

कुस्तीच्या प्रशिक्षकांना वजन कसे उतरवता, हे स्पष्ट विचारावे. पाणी तोडून, घाम गाळून उतरवत असतील तर तेथे मुलाला घालू नये. मुलींच्या बाबतीत मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, हे पाहावेच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार सुरू करावेत. पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळामुळे होते' म्हणून सोडून देऊ नये.

खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, असे सांगतात. एवढी अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही. पण खेळाडू जायबंदी झाल्यावर कॉलेज काय करते, हे विचारता येते. कबड्डीत गुडघा पिरगळून आतला लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेनंतर निदान ९ महिने मैदान बंद. त्या काळात वसतिगृहाची जागा, फीची सवलत राहते का? खर्च कोण करतो? उत्तर कार्यालयात नव्हे, तेथे जायबंदी झालेल्या एखाद्या जुन्या खेळाडूकडून घ्यावे. गुडघा सुजलेला असताना मालिशवाल्याकडे पाठवणारे प्रशिक्षक आजही आहेत.

प्रवेशापूर्वी रक्तदाब, हृदय आणि जुन्या दुखापतींची तपासणी करून घ्यावी. धावताना कधी चक्कर येऊन पडला असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सराव सुरू करू नये.