घरच्या संगणकाची राखण



एकलहऱ्याला आमच्या घराच्या गच्चीवरून वीज केंद्राची उंच धुराडी दिसतात. त्या केंद्राच्या फाटकावर पहारेकरी असतो. तो येणाऱ्याचा पास पाहतो आणि मगच त्याला आत सोडतो. हा पहारा मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण आमच्या घरी संगणक आला, तेव्हा त्याच्या दाराशीही पहारा हवा, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

ही २००९ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. अब्बांनी नाशिक रोडहून एक वापरलेला संगणक विकत आणला. अम्मीने त्याच्यासाठी विणलेला रुमाल काढला. भावाने त्यात आपाच्या लग्नाचे फोटो भरले. दादी रात्री आम्हांला कहाण्या सांगत. त्यांतल्या सात कहाण्या भावाने मोबाइलवर त्यांच्याच आवाजात नोंदवून घेतल्या होत्या. त्याही त्याने संगणकात ठेवल्या आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधून पुसून टाकल्या. थोड्याच दिवसांत दादींचे निधन झाले.

एके दिवशी भावाने मित्राचा पेन ड्राइव्ह आणला आणि संगणकाला लावला. पडद्यावर एक चौकट उघडली. त्याने नीट न वाचताच बटण दाबले. पुढच्या आठवड्यात संगणक बैलगाडीसारखा चालू लागला. विषाणूनाशक कंपन्यांची संकेतस्थळे उघडेनाशी झाली. मग एका संध्याकाळी पडद्यावर लाल रंगाची पाटी झळकली. ‘तुमच्या संगणकात ३१२ विषाणू सापडले आहेत! ताबडतोब पैसे भरा, नाहीतर सर्व माहिती नष्ट होईल!’ असा इंग्रजी मजकूर तिच्यावर होता.

अब्बा घाबरले. मामू घरी आले होते. ते म्हणाले, “भाईसाब, काळजी करू नका. माझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे.” सुमारे अडीच हजार रुपये गेले. पाटी दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढच्या महिन्यात मामूंच्या कार्डावरून आणखी पैसे कापले गेले. शेवटी दुरुस्ती करणाऱ्याने संगणकातील सर्व काही पुसून तो नव्याने चालू करून दिला. आपाचे फोटो वाचले, कारण फोटोग्राफरने दिलेली सीडी अम्मीच्या पेटीत होती. दादींच्या कहाण्या मात्र गेल्या.

पुष्कळ वर्षांनी मला कळले, की त्या दिवसांत आमच्या घरात दोन निरनिराळे चोर शिरले होते. एक न विचारता आला आणि दुसऱ्याला आम्ही हाताला धरून आत आणले. दोघांची ओळख करून घेऊ या.

पहिल्या चोराला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणतात. वर्म म्हणजे किडा. विषाणू एखाद्या फाइलला चिकटून राहतो आणि ती फाइल उघडली की पसरतो. किड्याला असा आधार लागत नाही. तो स्वतःच्या प्रती काढतो आणि एका संगणकातून दुसऱ्यात सरकत जातो. मराठीतही ‘वर्म’ असा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. शरीरातील नाजूक जागेला वर्म म्हणतात. ‘वर्मी घाव बसला’ हा वाक्प्रचार तुम्ही वाचला असेल. गंमत पाहा, हा इंग्रजी किडा नेमका मराठी वर्म शोधत असतो! संगणकाच्या प्रणालीत जिथे फट राहिली असेल, तिथूनच तो शिरतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने असा एक किडा इंटरनेटवर सोडला. माहिती पुसावी असा त्याचा हेतू नव्हता. पण किड्याच्या प्रती इतक्या वेगाने वाढल्या, की हजारो संगणक गुदमरले. तेव्हा इंटरनेट फारच लहान होते. पुढच्या किड्यांना मोठे रान मिळाले.

नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉनफिकर’ नावाचा किडा आला. तो नेटवर्कमधून येई, सोपे पासवर्ड ओळखून येई आणि पेन ड्राइव्हवर बसूनही येई. पेन ड्राइव्ह लावला, की फोल्डर उघडण्याची एक खोटी चौकट तो दाखवी. विषाणूनाशक कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाट तो अडवी. एप्रिल २००९ मध्ये त्याच्या नव्या अवताराबरोबर काही संगणकांत ‘स्पायवेअर प्रोटेक्ट २००९’ नावाचा बनावट तपासनीस उतरला. तो सुमारे ५० डॉलर मागत असे. हे वाचले, तेव्हा आमच्या घरची ती लाल पाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

वाईट वाटते ते पुढेच. कॉनफिकर ज्या फटीतून शिरे, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच, म्हणजे किडा येण्यापूर्वीच, दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांची दारे उघडी राहिली.

२०१७ साली तसेच घडले. दुरुस्ती १४ मार्चला आली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा किडा जगभर पसरला. त्याने फाइलींना कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवावे लागले. पुढे २७ जूनला युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ निघाला. हा तर आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मेर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालणाऱ्या धक्क्यावरील संगणक बंद पडले आणि कंटेनरांची कामे हाताने करण्याची पाळी आली. नॉटपेट्या त्याच जुन्या फटीचा उपयोग करी, शिवाय संगणकात सापडलेले पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकात शिरे. त्यामुळे दुरुस्ती बसवलेले संगणकही सुटले नाहीत. एका दाराला कुलूप लावून दुसरे उघडे ठेवले, तर काय उपयोग?

आता दुसरा चोर. तो मला पहिल्यापेक्षा धूर्त वाटतो, कारण तो फट शोधत बसत नाही. तो आपल्या भीतीला हाक मारतो. उर्दूत आपण म्हणतो, ‘उलटा चोर कोतवाल को डाँटे.’ मराठीत यालाच ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणतात. बनावट तपासनीस असाच चोर असून ‘चोर आला, चोर आला’ म्हणून ओरडतो. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका टोळीविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला. दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसवल्याचा तिच्यावर आरोप होता.

आज या चोराने वेश बदलला आहे. पाटीवर तो मदतीचा फोन नंबर देतो. आपण फोन केला, की पलीकडचा माणूस गोड बोलतो, आपल्या संगणकाचा ताबा देणारे ॲप घ्यायला सांगतो आणि मग बँकेच्या खात्याकडे वळतो. असे फोन उचलणारी बनावट केंद्रे आपल्या देशातही चालत होती, हे सांगताना लाज वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने अशा केंद्रांवर अनेक राज्यांत छापे घातले. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या नावाने परदेशी लोकांना फसवले जात होते.

खोटी पाटी ओळखावी कशी? एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संकेतस्थळाचे पान आपल्या संगणकातील फाइली तपासू शकत नाही. तुम्ही एखादे पान उघडले आणि क्षणात ‘३१२ विषाणू’ असा आकडा आला, तर तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. खरी तपासणी वेळ खाते. कधीकधी तर मोबाइलच्या पडद्यावरही ‘सी ड्राइव्ह बिघडला’ अशी पाटी येते. मोबाइलमध्ये सी ड्राइव्ह असतो का?

अशी पाटी आली, की तिच्यावर कुठेही बोट लावू नका. कोपऱ्यातील फुली देखील पुष्कळदा नुसते चित्रच असते, आणि ती दाबली की फाइल उतरते. कीबोर्डवरील ऑल्ट आणि एफ-फोर या कळा एकत्र दाबून ती खिडकी बंद करा. नाहीच झाली, तर इंटरनेट तोडा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. पाटीवरच्या नंबरावर फोन करू नका. पैसे गेलेच असतील, तर संकोच न करता १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. उशीर झाला, की पैसे पुढच्या खात्यांत पळतात. मामूंना मात्र शरमेने कोणाला सांगवलेच नाही.

किड्यासाठी पहारा आधीच ठेवावा लागतो. प्रणालीची दुरुस्ती आपोआप बसेल असे करून ठेवा आणि ‘नंतर आठवण करा’ हे बटण रोज दाबू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून घरी जुनी प्रणाली असेल तर वडीलधाऱ्यांना सांगा. विंडोज १० आणि ११ मध्ये विषाणूनाशक मुळातच असते. ते बंद करू नका. दुसरे घ्यायचे असल्यास कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. आपल्या महाराष्ट्रातही अशी कंपनी उभी राहिली आहे. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीनंतर थांबले. ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे त्यांनी संगणक दुरुस्ती सुरू केली. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणूनाशक लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. सरकारचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही २०१७ पासून मोफत साधने देते.

चोरून आणलेल्या प्रणालीचा आणि खेळांचा मोह टाळा. फुकटच्या किल्लीबरोबर चोर घरात येतो. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला, तर आधी त्याची तपासणी करा. मित्राला राग येईल, येऊ द्या!

हे सगळे करूनही एखादा किडा शिरेलच. म्हणून ज्या फाइली गेल्या तर रडू येईल, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि काम झाले, की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. जोडलेली राहिली, तर कुलूप लावणारा किडा तिलाही कुलूप लावतो.

दादींच्या सात कहाण्यांपैकी तीन अम्मीला तोंडपाठ आहेत. मागच्या रमजानमध्ये मी त्या अम्मीच्या आवाजात नोंदवल्या. एक प्रत संगणकात आहे आणि दुसरी डिस्कवर. ती डिस्क अम्मीच्या त्याच पेटीत, आपाच्या लग्नाच्या सीडीशेजारी ठेवली आहे.