उभ्या गाडीची काळजी : विज्ञान आणि व्यवहार



आपल्या वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांतून आजी-आजोबा मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जातात आणि पाच-सहा महिने तिकडेच राहतात. जाण्यापूर्वी दूध बंद होते, वर्तमानपत्र बंद होते, तुळशीची कुंडी शेजारी दिली जाते. स्कूटर आणि मोटार मात्र आहे तशीच जिन्याखाली किंवा झाडाखाली उभी राहते. चालणारी वस्तू झिजते, उभी वस्तू जशीच्या तशी राहते, असा आपला समज असतो. हा समज बरोबर नाही. 25 मार्च 2020 पासून देशभर लॉकडाऊन झाला तेव्हा तो अनेकांना महागात पडला. दोन महिन्यांनी किल्ली फिरवली तर कित्येक गाड्या सुरूच झाल्या नाहीत.

गाडी ही मध्यमवर्गीय कुटुंबाची अनेक वर्षांची बचत असते. ती का बिघडते हे आपल्याच विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. म्हणून या अंकात हा पाठ आम्ही घेत आहोत.

1. बॅटरी

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडा थोडा विद्युतप्रवाह घेतच असतात. हा प्रवाह 30 मिलिअँपिअर धरा. 24 तासांत 0.72 अँपिअर-तास खर्च झाले. लहान मोटारीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असेल, तर साधारण 24 दिवसांत ती अर्धी रिकामी होईल. बॅटरी रिकामी राहिली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही क्रिया अधिक वेगाने होते.

उपाय सोपा आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची तार सोडवून ठेवावी. सोडवताना आधी ऋण (काळी) तार काढावी. जोडताना आधी धन (लाल) आणि शेवटी ऋण तार जोडावी. असे का? ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती काढण्यापूर्वी धन टोकावरचा पाना सांगाड्याला लागला तर शॉर्टसर्किट होते आणि ठिणगी उडते.

2. पेट्रोल

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट थर बनतो. आता आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात.

म्हणून ठेवण्यापूर्वी टाकी जवळजवळ भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. काठोकाठ मात्र भरू नये, कारण उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते. जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरला पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून राहत नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन असते. तिथे हा प्रयोग करू नये, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल बाटलीत किंवा कॅनमध्ये काढून घरात ठेवणे तर कधीही नको.

3. इंजिन ऑइल

वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले आम्ल आणि पाणी मिसळलेले असते. ते महिनोन्महिने इंजिनात राहू देऊ नये. जाण्यापूर्वी ऑइल बदलून घ्यावे.

पुष्कळ लोक शेजाऱ्याला किल्ली देऊन सांगतात, "आठवड्याला दोन मिनिटे इंजिन चालू करत जा." यात फायद्यापेक्षा हानी जास्त आहे. दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी जमते आणि स्टार्टरने खर्च केलेली वीज बॅटरीत परत येत नाही. शेजारी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणार असतील तर उत्तम. नाहीतर गाडी सुरूच करू नये. बंद गॅरेजमध्ये तर कधीही नको. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जातो.

4. टायर आणि ब्रेक

एकाच जागी वजन पडून टायरचा तो भाग चपटा होतो. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी, पण टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. स्कूटर डबल स्टँडवर ठेवावी. मोटारीचा हँडब्रेक ओढून ठेवला तर महिन्यांनंतर ब्रेक चिकटून बसतो. त्याऐवजी सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावाव्यात.

5. गंज आणि उंदीर

मराठीत आपण गंज म्हणतो, हिंदीत जंग, गुजरातीत काट. तिन्ही भाषांत कारण एकच : लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. गाडी धुऊन पूर्ण वाळवावी, पक्ष्यांची विष्ठा लगेच काढावी. प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, त्यात ओलावा अडकतो. हवा खेळणारे कापडी कव्हर घालावे. गाडीत खाण्याचा कण ठेवू नये, कारण उंदीर आणि खारी तारा कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडात कापड घातले तर त्याला लाल फीत बांधावी, म्हणजे सुरू करण्यापूर्वी ते काढायची आठवण राहील.

6. विश्वामित्रीचा विचार

हा मुद्दा आपल्या शहरासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. तळघरांत आणि सोसायट्यांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. ज्यांचे मालक बाहेरगावी होते, त्यांच्या गाड्या हलवणार कोण?

म्हणून पावसाळ्यात जाणार असाल तर गाडी तळघरात ठेवू नका. उंच भागातील नातेवाइकांकडे ठेवा आणि एक किल्ली विश्वासू माणसाजवळ द्या. गाडी बुडालीच तर पाणी उतरल्यावर ती सुरू करून पाहू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.

गाडी उभी आहे म्हणून विमा संपू देऊ नये. पूर, आग आणि चोरी उभ्या गाडीलाही गाठतात. केवळ थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही.

7. परत आल्यावर

प्रथम बॉनेट उघडून कुरतडलेल्या तारा पाहाव्यात. मग टायरची हवा, ऑइलची पातळी आणि ब्रेक तपासावेत. विमा आणि पीयूसीच्या तारखा पाहाव्यात. त्यानंतरच किल्ली फिरवावी.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केले. पुस्तकातील विद्या हाताला यावी, हा त्यामागचा हेतू होता. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यातील काही गाड्या शंभर वर्षांहून जुन्या होत्या आणि आजही चालतात. ही सांभाळणाऱ्या हातांची कमाई आहे.

विद्यार्थ्यांसाठी गृहकार्य

(1) घरच्या वाहनाची बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे ते वाचा. वरील पद्धतीने ती किती दिवसांत अर्धी होईल ते काढा.
(2) एक खिळा कोरड्या आणि एक ओल्या कापसात आठ दिवस ठेवा व निरीक्षण लिहा.
(3) 2019 आणि 2024 मध्ये आपल्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, ते मोठ्यांना विचारून भिंतीवर मोजा.
(4) घरातील कोणी परगावी जाणार असेल तर वरील सात मुद्द्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांना द्या.

मोटार चालवण्याचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळेल. गाडी समजून घ्यायला मात्र आजपासून सुरुवात करता येईल.