मार्क कुठे गेले, ते आधी शोधा

लकडगंज, सतनामीनगर, वर्धमाननगर या आपल्या भागातून वकिलीकडे वळणारी पोरंपोरी आता बरीच दिसतात. 2016 मध्ये नागपुरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालं, वारंग्याला त्याचं आवार उभं राहिलं आणि बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायदा शिकायचा, ही गोष्ट घराघरात माहीत झाली. नागपूर विद्यापीठात कायदा शिकलेले शरद बोबडे 2019 मध्ये सरन्यायाधीश झाले. उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले अमरावतीचे भूषण गवई 2025 मध्ये त्या खुर्चीवर बसले. त्यामुळे आईबापांचाही विश्वास बसला आहे. पोरं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच गाऱ्हाणं घेऊन. "काका, टेस्टवर टेस्ट देऊन राहिलो, पण मार्क जागचे हलत नाहीत."

हलणार कसे? टेस्ट दिल्याने मार्क वाढत नाहीत. दिलेली टेस्ट बसून तपासली तर वाढतात. वकिलीत मला माझ्या सीनियरांनी पहिल्याच वर्षी एक शिस्त लावली होती. हरलेल्या खटल्याची फाइल बांधून कपाटात टाकायची नाही. निकालपत्र एका बाजूला, आपला युक्तिवाद दुसऱ्या बाजूला ठेवायचा आणि कोर्टाने आपलं म्हणणं नेमकं कोणत्या परिच्छेदात सोडून दिलं ते शोधायचं. तुमच्या सराव परीक्षेला मी तेच लावतो. दोन तासांची टेस्ट असेल तर तिच्या तपासणीला तीन तास द्या. मागची तपासून झाल्याशिवाय पुढची देऊ नका. आठवड्याला चार टेस्ट देणाऱ्या पोरापेक्षा एकच देऊन ती खरडून काढणारी पोरगी पुढे जाते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

सागवानाचं जाणतं गिऱ्हाईक ओंडक्याची लांबी नंतर मोजतं, आधी कापलेलं टोक बघतं. तुम्हीही 120 पैकी किती, हा आकडा बाजूला ठेवा आणि विषयवार फोड करा. क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, 120 प्रश्नांपैकी चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क यांचे प्रत्येकी 28 ते 32, इंग्रजी आणि तर्कशास्त्राचे प्रत्येकी 22 ते 26, आणि गणिताचे फक्त 10 ते 14 प्रश्न असतात. गणिताची धास्ती घेऊन रोज दोन तास त्यातच घालवणारी पोरं मला भेटतात. गणित सोडू नका. पण जिथे तीस मार्क आहेत तिथे जास्त वेळ गेला पाहिजे, एवढा हिशेब तरी करा.

मग एक दोनशे पानी वही घ्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात गेला पाहिजे, आणि त्याच्यासमोर तो का चुकला हे एका ओळीत लिहिलं पाहिजे. "सिली मिस्टेक" हे कारण मी चालवून घेत नाही. खरी कारणं मोजकीच असतात. माहिती नव्हती. प्रश्नातला "नाही" किंवा "वगळता" डोळ्यांतून निसटला. दोन पर्यायांपर्यंत आलो आणि चुकीचा धरला. वेळ संपला. उत्तर बरोबर आलं पण तुक्का होता, तर तोही वहीत लिहा, कारण पुढच्या वेळी तोच प्रश्न तुम्हाला फसवणार आहे. चारपाच टेस्ट झाल्या की वही स्वतःच सांगते. एखाद्याची माहिती कमी असते, त्याने रोजचं वर्तमानपत्र धरावं. एखादीला सगळं येतं, पण घाईने वाचते. तिला आणखी एक गाइड आणून देण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते "दोनांत अडकलो" या खात्यात, आणि तेही कायद्याच्या उताऱ्यांत. उदाहरण देतो. उताऱ्यात नियम दिला आहे की, दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत त्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकलं की अतिक्रमण झालं, मग नुकसान झालेलं असो वा नसो. पुढे हकिगत अशी. रात्री जोराचा पाऊस आला म्हणून एक माणूस लाकडाच्या वखारीच्या उघड्या फाटकातून आत शिरला, शेडखाली उभा राहिला आणि पाऊस थांबल्यावर कशालाही हात न लावता निघून गेला. त्याने अतिक्रमण केलं का? आपल्या भागातलं पोर इथे हमखास "नाही" म्हणतं. पाऊस होता, फाटक उघडं होतं, बिचाऱ्याने काही नेलं नाही. पण नियमात पावसाचा अपवाद नाही आणि उघड्या फाटकाचाही नाही. परवानगी होती का, एवढाच प्रश्न आहे, आणि ती नव्हती. उत्तर "होय". मनातली दया आणि बाहेरून ऐकलेला कायदा, दोन्ही दाराबाहेर ठेवून या उताऱ्यांना बसावं लागतं. क्लॅटला आधीचं कायद्याचं ज्ञान लागत नाही, दिलेला नियम दिलेल्या हकिगतीला लावता यायला हवा. दोन पर्यायांत अडकलात की बोट नियमातल्या शब्दावर ठेवा. ज्या पर्यायाचं कारण उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येत नाही, तो सोडा.

आपल्या राज्याच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेत, मात्र कायद्याची थोडी माहिती लागते. तिथे जुन्या पुस्तकांपासून सावध राहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. मोठ्या भावाचं गाइड वापरायला हरकत नाही, पण कलमांचे आकडे नव्याने पाठ करा.

निगेटिव्ह मार्किंगबद्दल पोरांच्या मनात जी भीती आहे, ती मला हिशेबाने काढायची आहे. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक मार्क, चुकलेल्याला पाव मार्क वजा. चार पर्यायांच्या सोळा प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिली तर सरासरी चार बरोबर येतील, बारा चुकतील. चार मिळाले, तीन गेले, हाती एक. म्हणजे निव्वळ तुक्क्यात फायदा जवळपास काहीच नाही, पण तोटाही नाही. आता त्याच सोळा प्रश्नांत दोन-दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर आठ बरोबर, आठ चूक. आठातून दोन गेले, हाती सहा. सहा मार्कांनी क्रमांक कुठल्या कुठे जातो. म्हणून दोन पर्याय खोडले असतील तर प्रश्न कोरा ठेवू नका. राज्याच्या सीईटीत वजाबाकी नाहीच, तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे मार्क फेकणं. या दोन परीक्षांच्या टेस्ट आलटून-पालटून देणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर हा फरक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

वेळेचं बोलायचं तर 120 प्रश्न आणि 120 मिनिटं हे ऐकायला सोपं वाटतं. पण क्लॅटचे उतारे साडेचारशे शब्दांपर्यंत जातात आणि असे वीसहून जास्त उतारे वाचायचे असतात. मी पोरांना चालू घडामोडी आधी उरकायला सांगतो, बारा मिनिटांत. आठवलं तर आठवलं, विचार करून तारीख आठवत नाही. मग कायदा पस्तीस, तर्क तीस, इंग्रजी पंचवीस, गणित तेरा. पाच मिनिटं हाताशी. तुमचा क्रम वेगळा असला तरी चालेल, पण तो टेस्टमध्ये ठरवा, परीक्षेच्या खोलीत नव्हे. अडलेल्या प्रश्नाशी हुज्जत घालत बसू नका. क्लॅट 2025 च्या उत्तरसूचीतल्या चुकांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. काही प्रश्न वादाचेच असतात, त्यांचा निकाल तुम्हाला त्या दोन तासांत लावायचा नाही.

टेस्ट खऱ्या परीक्षेसारखी द्या. क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास, दुपारी दोन ते चार होते. मग तुमची सराव परीक्षाही जेवणानंतर दोनलाच, कागदावर, बॉलपेनने गोल काळे करत झाली पाहिजे. पहाटे पाचला ताज्या डोक्याने मिळवलेले मार्क दुपारी मिळतीलच असं नाही. एक उतारा संपला की त्याचे गोल लगेच भरा, शेवटी भरायला गेलात की ओळ चुकते. सीईटी संगणकावर होते, तिच्या टेस्ट मोबाइलवर आडवं पडून देऊ नका. शेजारच्या आरामशीनचा आवाज येतो म्हणून खिडकी लावून घेणारी पोरंही मी पाहतो. येऊ द्या आवाज. परीक्षेच्या खोलीतही खुर्च्या सरकतात, कोणी खोकतं.

मराठी माध्यमातल्यांना एक जास्तीची गोष्ट सांगतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचा आणि लेखकाचं म्हणणं मराठीत दोन वाक्यांत घरच्यांना सांगा. सांगता आलं नाही तर समजलं नाही, परत वाचा. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा याने वाचनाचा वेग जास्त वाढतो.

आणि एका टेस्टमध्ये पाचसहा मार्क घसरले म्हणून रडत बसू नका. पेपर सोपे-अवघड असतात. शेवटच्या चार टेस्टची सरासरी बघा. जुन्या क्लॅटचे पेपर ती परीक्षा घेणाऱ्या कन्सोर्टियमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, शेवटच्या महिन्यात तेच सोडवा. आईबापांनाही माझी विनंती आहे. पोरगं टेस्ट देऊन घरी आलं की लगेच मार्क विचारू नका, वही भरायला आधी वेळ द्या.

ज्यांना काही अडेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर घरी यावं. वही सोबत आणावी. कोऱ्या वहीने आलेल्याला मी काही सांगू शकणार नाही.