आबांची होडी विकताना

प्रश्न : वडिलांची, आबांची सागवानी होडी विकून आठ-दहा दिवस समुद्रात राहता येईल अशी मोठी नौका घ्यायची आहे. आई 'विकू नको' म्हणते. काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विका, पण नव्या नौकेची परवानगी आणि परवाना यांची खात्री झाल्यावरच. 1 जून ते 31 जुलै हा मासेमारीबंदीचा काळ विक्रीला सोयीचा. होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, गिऱ्हाइकाला तळ पाहता येतो. चाकूचं टोक फळीत सहज रुतलं, तर लाकूड कुजलं किंवा किडलं समजा. रंग फासून ते लपवू नका. नोंदणी मात्र खरेदीदाराच्या नावावर चढवल्याशिवाय ताबा देऊ नका. नाहीतर उद्या त्याने कायदा मोडला की नोटीस तुमच्या दारात. मच्छीमार सोसायटीचं कर्ज असेल तर आधी ना-हरकत दाखला घ्या.

आईंचं म्हणणं उडवून लावू नका. होडी नुसती शाकारून ठेवली तर फळ्या सुकतात, सांधे उघडतात. त्यापेक्षा ती धंद्यात राहिलेली बरी. नारळ वाढवून, ओटी भरून आईंच्याच हातून निरोप द्या. आबांच्या हातचं वल्हं व्यवहारातून वगळा आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगा.