वजन घटले, पण रक्तात काय बदलले?



ऊस विकास खात्याने आहारावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारफेरीला गेलो की घरातून हटकून विचारणा होते, "साहेब, वजन उतरवायला भात सोडावा की तूप?" आम्ही काही डॉक्टर नव्हे. मात्र प्रयोगाचे प्लॉट कसे वाचावेत हे आम्हांस ठाऊक आहे. असाच एक प्रयोग आज आपणापुढे मांडतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर व सहकाऱ्यांनी तो केला. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेल्या, ऋतुनिवृत्ती न झालेल्या ३११ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले. एकच रान आणि खताचे चार डोस, असे समजा.

१) ॲटकिन्स : धान्य, बटाटा, साखर यांवर कडक बंधन, मांस, अंडी, स्निग्ध पदार्थ यांना मोकळीक.
२) झोन : उष्मांकांपैकी पिष्ट व साखर ४०, प्रथिने ३०, स्निग्ध ३० टक्के.
३) लर्न : पिष्ट ५५ ते ६० टक्के, जोडीला व्यायाम व सवयीत बदल.
४) ऑर्निश : स्निग्ध पदार्थ १० टक्क्यांच्या आत.

वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ४.७ किलोने घटले. बाकी तिन्ही गटांत घट साधारण दीड ते अडीच किलोच भरली.

पण नुसते टनेज पाहून भागत नाही, साखर उताराही पाहावा लागतो. तसेच वजनासोबत रक्तही तपासावे लागते. पहिल्या गटात ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी सरासरी २९ मिलिग्रॅमने उतरली आणि चांगले कोलेस्टेरॉल सुमारे ५ मिलिग्रॅमने वाढले. मांस-अंडी खाऊन वाईट कोलेस्टेरॉल भडकेल अशी धास्ती होती. पण त्या बाबतीत वर्षाअखेर चारही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

आता दुसरी बाजू. पथ्य कोणत्याच गटाला नीट टिकवता आले नाही. ऑर्निश गटातील स्निग्ध पदार्थ दहा टक्क्यांऐवजी तीसच्या घरात गेले. पहिल्या गटाचेही वजन सहा महिन्यांनंतर थोडे परत चढले. लागण जोमदार, पण खोडव्याकडे दुर्लक्ष, त्यातली गत! शिवाय हा प्रयोग एकाच वर्षाचा आहे, हे विसरू नये.

मग आपण काय घ्यावे? साखर आपल्याच उसाची, तरी खरे ते सांगितलेच पाहिजे. तुपाला दोष देण्याआधी दिवसभरातल्या चहातली साखर, बिस्किटे आणि ताटातला भाताचा ढीग मोजा. जे वर्षानुवर्षे निभेल तेवढेच पथ्य धरा. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार बदलू नका.

आणि बंधूंनो, माती परीक्षणाला नमुना आपण आठवणीने पाठवतो. घरातल्या बाईचे रक्त मात्र ती अंथरुणाला खिळेपर्यंत तपासत नाही. यंदा ते आधी करा.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी