चिखलणी, पाऊल आणि कासचे पठार

आषाढात मावळातील टाकवे बुद्रुकच्या शिवारात भातलावणीची लगबग असते. लावणीपूर्वी शेतकरी खाचरात पाणी अडवून चिखलणी करतो. ती कशासाठी? मातीच्या कणांमधील मोठ्या पोकळ्या चिखलणीने मोडतात, बारीक कण त्यांत बसतात आणि पाण्याचे झिरपणे मंदावते. खाचरात पाणी उभे राहते. भाताला हे मानवते. पण हीच क्रिया भलत्या ठिकाणी घडली तर?

साताऱ्याजवळील कासचे पठार पाहा. 2012 साली पश्चिम घाटातील 39 स्थळांना मिळून जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत कास आहे. येथे जांभा खडकावर मातीचा पातळ थर असतो. त्यातच तेरडा आणि सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती फुलते. बीही याच थरात पडते.

आता गणित करू. तुमचे वस्तुमान 50 किलोग्रॅम धरा. वजन सुमारे 500 न्यूटन. चालताना क्षणभर सारा भार एका पावलावर येतो. पावलाचे क्षेत्रफळ 150 चौरस सेंटिमीटर धरल्यास दाब दर चौरस सेंटिमीटरला 3.3 न्यूटन होतो. टाच आधी टेकते. तिचे क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटर धरून तिच्यावरच सारा भार आला, तर दाब 20 न्यूटन, म्हणजे सहापट! ओली माती याने दबते. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि माती घेऊन जाते. अशी माती पुन्हा तयार होण्यास शतके लागतात.

मग पर्यटकांनी विखरून चालावे का? नाही! नाजूक जमिनीची पुष्कळशी हानी पहिल्या काही पावलांतच होते. एक किलोमीटर लांब व 1 मीटर रुंद वाटेने सारे गेले, तर 1,000 चौरस मीटर जमीन तुडवली जाते. तेच लोक 20 मीटर रुंदीत पसरले, तर 20,000! म्हणूनच आखलेली वाट आणि हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा हे संरक्षणाचे महत्त्वाचे उपाय ठरतात.

करून पाहा : दोन्ही बाजूंनी उघडे, सारख्या आकाराचे दोन डबे घ्या. शाळेच्या आवारात एक पायवाटेवर व दुसरा न तुडवलेल्या जागी 3 सेंटिमीटर खोल रोवा. दोन्हींत एकेक पेला पाणी ओतून ते मुरण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजा. प्रत्येक प्रयोग जवळपासच्या वेगवेगळ्या तीन जागी करून सरासरी काढा. (वारसास्थळी किंवा अभयारण्यात मात्र हा प्रयोग करू नका.)

आपल्या मावळातील लोहगडही 2025 साली जागतिक सांस्कृतिक वारशात समाविष्ट झाला आहे. पुढील सहलीला तेथे जाल तेव्हा वाट वळणाची असली, तरी जवळची आडवाट धरू नका. वाचलेली दोन मिनिटे आपली असतात. वाहून गेलेली माती मात्र परत येत नाही.