परगावी मुक्काम : आधी खोली पाहा, मग पैसे द्या

कळमन्याच्या बाजारात संत्री, मिरची, धान्य घेऊन येणारी मंडळी पुष्कळदा आदल्या रात्रीच नागपुरात पोहोचतात. सकाळच्या लिलावाला माल हजर असावा, ही घाई असते. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात रुग्ण घेऊन येणारे नातेवाईक, परीक्षेसाठी आलेली मुले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारे अनुयायी, या सर्वांनाही एक-दोन रात्रींपुरती स्वस्त जागा हवी असते. कोणी लॉजमध्ये उतरतो, कोणी धर्मशाळेत, कोणी खाटेच्या भाड्यावर सामाईक दालनात.

अशा वेळी आपण भाडे विचारतो, पंखा पाहतो, फार तर टीव्ही लागतो का ते पाहतो. प्रकृतीशी ज्यांचा संबंध आहे ते प्रश्न मात्र विचारायचे राहून जातात. परिणाम लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. दूषित पाण्याने होणारे जुलाब एक-दोन दिवसांत सुरू होतात. डेंग्यूचा ताप बहुधा चार ते दहा दिवसांनी येतो. कावीळ तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही उमटते. तोवर तो मुक्काम कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च करावीत आणि पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

स्वस्त म्हणजे गलिच्छ नव्हे

कमी भाड्याची जागा अस्वच्छच असणार, असे मानून गप्प बसू नये. विदर्भाचे सुपुत्र गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि हाती झाडू घेऊन स्वच्छतेचा धडा घालून दिला. परदेशात पाहावे तर रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात तरुण प्रवाशांसाठी पहिले कायमचे वसतिगृह सुरू केले. आज पाठीवर पिशवी टाकून देशोदेशी हिंडणारी मुले ज्या स्वस्त हॉस्टेलांत उतरतात, त्यांचे मूळ तेथे आहे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीतील १८६७ च्या सराय कायद्यानेही खोल्या, गटारे व विहिरी स्वच्छ ठेवणे आणि भाड्याचे दर लावणे हे सरायवाल्याचे कर्तव्य ठरवले होते. तेव्हा स्वच्छ जागा मागणे म्हणजे चोचले नव्हेत.

पाणी आणि संडास

प्रथम पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारावे. टाकीला झाकण आहे का, माठातून पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी आहे का, हे पाहावे. एकच पेला सर्वांनी बुडवायचा असेल तर ते पाणी पिऊ नये. पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते निर्जंतुक असते असे नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘हेपॅटायटिस ई’ विषाणूची साथ होती, हे पुढे कळले. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ प्राणघातक ठरू शकते. अशी बाई बरोबर असेल तर पाणी खदखदून उकळून घ्यावे आणि मगच द्यावे.

खोलीच्या आधी संडास पाहावा. तेथे पाणी, दिवा, आतून कडी आणि जवळच हात धुण्याची सोय हवी. साबणाची वडी आपली आपण न्यावी. संडास घाण असला की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ व मूत्रमार्गाचा दाह होतो आणि उन्हाळ्यात उष्माघाताची भीती वाढते. घरच्या बायका बरोबर असतील तर जागा त्यांना आधी दाखवावी आणि त्यांचे मत मानावे.

हवा आणि धूर

खोलीला उघडणारी खिडकी हवी. सामाईक दालनात दहा-वीस माणसे झोपतात. त्यात कोणाला क्षय असला, तर कोंदट हवेत त्याचे जंतू बराच काळ तरंगत राहतात. समोरासमोर खिडक्या असलेले दालन निवडावे. कोणी सारखा खोकत असेल तर त्याचा अपमान न करता आपली खाट खिडकीशी घ्यावी.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते. न्हाणीघर कोंदट असेल तर गॅसच्या गिझरचाही तोच धोका असतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर अशी सुरुवात होते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. अशी शंका येताच दारे-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे.

कूलर आणि डास

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप लागत नाही, हे खरे. पण वापरात नसलेल्या कूलरच्या तळाशी साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी लागते. टाकीत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर दुसरी खोली मागावी. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी आडवे होतानाही अंग झाकलेले असावे. चालू कूलरमध्ये पाणी भरू नये आणि ओल्या हाताने त्याच्या पत्र्याला स्पर्श करू नये. विजेचा धक्का बसून माणसे दगावतात.

जमिनीवर झोपणे

शेताला किंवा झुडपांना लागून असलेल्या जागेत पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळावे. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका सूक्ष्म असतो की पुष्कळांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. अशा रुग्णाला ‘अपचन झाले’ म्हणून झोपवून ठेवू नये. जखम कापू नये, दोरीने आवळू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सरकारी रुग्णालय गाठावे. खाट मिळाली नाही तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. डास आणि साप दोन्ही दूर राहतात.

मालाची राखण करायची म्हणून काही जण ट्रकखाली किंवा गवतावर पथारी टाकतात. ट्रकखाली कधीही झोपू नये. चालकाने न पाहता गाडी हलवली की सारे संपले. गवतात झोपणेही बरे नव्हे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने हा ताप येतो. काही रुग्णांच्या अंगावर चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. वेळेवर ओळखला तर तो साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर प्राणावर बेततो.

गादी आणि बाहेरची वाट

गादीची शिवण उलटून पाहावी. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. ढेकूण झोप मोडतात, पण त्यांच्यामुळे रोग पसरतो असे आढळलेले नाही. खरजेचे तसे नाही. ती अंगाला अंग लागून आणि कधी पांघरुणातूनही येते. म्हणून चादर, टॉवेल आपलेच न्यावेत. घरी आल्यावर रात्री खाज सुटू लागली तर घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर ती घरात फिरत राहते.

शेवटी जिना पाहावा. आग लागली तर बाहेर कोठून पडायचे? दुसरा दरवाजा असेल तर त्याला कुलूप नाही ना? खिडक्यांना पक्के गज आणि जिना एकच, अशा इमारतीत वरच्या मजल्यावर उतरू नये. धूर झाला तर जमिनीलगत वाकून बाहेर पडावे.

पिशवीत काय असावे

साबण, चादर, मच्छरदाणी, विजेरी, स्वतःची पाण्याची बाटली, नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्त आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. जुलाब सुरू होताच ते घोट घोट द्यावे. मधुमेहाच्या रुग्णाने जवळ बिस्किटे व साखर ठेवावी, कारण परगावी जेवणाची वेळ आपल्या हाती नसते.

परतल्यावर दोन महिन्यांच्या आत ताप, कावीळ किंवा न थांबणारे जुलाब झाले, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे की अमुक गावी, अमुक दिवशी, अशा ठिकाणी मुक्काम केला होता. त्या एका वाक्याने निदान कित्येकदा दोन दिवस लवकर होते. भाड्यात वाचलेले शे-दोनशे रुपये औषधात घालवायचे नसतील, तर किल्ली हातात घेण्यापूर्वीची ती दहा मिनिटे चुकवू नयेत.